सशाचा दुसरा डोळा

एका जंगलात राजा नव्हता. पूर्वी होता. तो गेला आणि त्याच्या जागी अध्यक्ष आले. राजात आणि अध्यक्षात फरक काय, असं तुमच्यातला एखादा चोंबडा विचारील. तर बाळांनो, राजाचा पुतळा असतो आणि अध्यक्षांचं पोस्टर असतं. आता मांडी घालून बसा आणि मध्ये बोलू नका.

हे जंगल उगवतीच्या डोंगरांपलीकडं होतं. सगळा बांबूच बांबू. अध्यक्ष होते गेंडा. कातडी जाड, आवाज भारदस्त आणि नजर अधू. नाकावरच्या शिंगापलीकडचं त्यांना फारसं दिसत नसे. म्हणून सगळे त्यांना दूरदृष्टीचे नेते म्हणत.

दर पौर्णिमेला जंगलात नवं पोस्टर लागे. बांबूचा कागद, लाल मातीचा रंग. पोस्टरं इतकी झाली, की निम्मा बांबू कागदातच गेला आणि बांबू खाणारे प्राणी पोट आवळून बसले. पण पोस्टरातले बांबू ढगात शिरलेले असत. पोस्टरातला मुळा होडीएवढा, मासा झोपडीएवढा. आणि रानडुक्कर तर असं गुबगुबीत, की त्याच्या पाठीवर पिल्लं बसून गाणी म्हणत. खरं रानडुक्कर ते पोस्टर बघायचं आणि स्वतःच्या बरगड्या चाचपायचं.

बाळांनो, पोस्टर नुसतं बघायचं नसे हं. बघायला काय, रेडाही बघतो. पोस्टर वाचायचं असे. त्यासाठी एक अर्थमंडळ होतं आणि घोरपडबाई त्याच्या प्रमुख होत्या. एकदा एखाद्या अर्थाला चिकटल्या, की दोरी लावून ओढलं तरी सुटत नसत.

वाचायचे नियम सोपे होते. सूर्य म्हणजे अध्यक्ष. सूर्यफूल म्हणजे जनता. गाल लाल म्हणजे उत्साह. अध्यक्ष सगळ्यांपेक्षा उंच, आणि त्यांच्या अंगावर कोणाची सावली पडता कामा नये. सगळ्यांनी बघायचं ते एकाच दिशेला, उगवतीकडं, जरा वर. तिथं भविष्य असतं. ते कोणाला दिसत नसे, पण मान दुखेपर्यंत बघावं लागे.

याच जंगलात गोंदाजी नावाचा एक ससा राहत होता. साधा जीव. त्याला पोस्टरांतलं काही कळत नसे. बाकीचे टाळ्या वाजवू लागले की तोही वाजवी आणि बाकीचे थांबले की थांबे. भूक लागली की पूर्वी तो गाजराच्या पोस्टरापुढं जाऊन उभा राही. त्यामुळं भूक वाढते असं लक्षात आल्यावर त्यानं तेही सोडलं. त्याची बायको ठकूबाई नुकतीच बाळंत झाली होती. एकच पिल्लू, मुलगी. नाव भिंगरी. तिचे डोळे कालपरवाच उघडले होते, आणि गोंदाजी दिवसभर त्या डोळ्यांकडं बघत बसे.

एके दिवशी अध्यक्षांनी जाहीर केलं, की जंगलानं आता मोठी उडी मारायची.

"कुठं मारायची?" कोणीतरी विचारलं.

"पुढं," अध्यक्ष म्हणाले.

झालं, मोठ्या उडीचं पोस्टर काढायचं ठरलं. उडी म्हटल्यावर ससा हवा. शर्यतीच्या त्या जुन्या भानगडीपासून सशांचं नाव खराब होतं. झोपाळू जात म्हणून सगळे हिणवत. त्यामुळं गोंदाजीला निवडल्यावर त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. त्याला वाटलं, कुळाचा कलंक धुऊन निघाला.

चित्र काढायला सटवाजी साळिंदर. आपलेच काटे कुंचले म्हणून वापरायचा आणि तोंडातून अवाक्षर काढायचा नाही. त्यानं गोंदाजीच्या कमरेला वेल बांधली आणि उडी मारल्यासारखं दिसावं म्हणून त्याला फांदीला टांगलं. हातात बांबूचा ओंडका दिला. चित्रात त्याचं गाजर होणार होतं.

"सटवाजीबाबा, तोंड तेवढं बरं काढा," लोंबकळत गोंदाजी म्हणाला. "पोरगी मोठी होऊन बघंल."

सटवाजीनं तोंड बरं काढलं. हुबेहूब काढलं. बाळांनो, इथंच घोटाळा झाला.

पौर्णिमेला पोस्टर लागलं. सगळं जंगल जमलं. घोरपडबाई खडकावर चढल्या आणि वाचू लागल्या. अध्यक्षांचा पुढं केलेला पाय म्हणजे प्रगती. मागचा पाय म्हणजे भक्कम पाया. हरणं, मोर, रानडुक्कर, सगळे हसतायत, म्हणजे सगळे पोटभर जेवलेत. ससा हवेत आहे, म्हणजे त्याला आता जमिनीची गरज उरलेली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. गोंदाजीनं लाजून कान खाली घेतले.

तेवढ्यात मागून मुंगूस उठला. अर्थमंडळात जागा मिळावी म्हणून तो बरेच दिवस उंबरे झिजवत होता.

"एक शंका आहे," तो म्हणाला. "गोंदाजींचा एक डोळा भविष्याकडं आहे, छान आहे. दुसरा कुठं आहे?"

सगळे पोस्टराकडं बघू लागले. खरंच, एक डोळा उगवतीकडं आणि दुसरा भलतीकडंच.

"अहो बाई," गोंदाजी हसत म्हणाला, "सशाचं डोळं असंच असत्यात. एक हिकडं, एक तिकडं. आमच्या आज्याचंबी तसंच होतं."

"म्हणजे हे पिढ्यान् पिढ्या चालू आहे," घोरपडबाई म्हणाल्या.

गोंदाजीचं हसू ओठातच राहिलं.

आता तो डोळा बघतोय तरी काय, हे शोधणं आलं. अर्थमंडळाची एक रीत होती. चित्रातली नजर चित्राच्या कडेला संपत नाही, असं ते मानत. म्हणून त्यांनी पोस्टरातल्या त्या डोळ्यावर बाभळीचा काटा टोचला, काट्याला सूत बांधलं आणि सूत ताणत ताणत सगळं मंडळ चालू लागलं. मागून सगळं जंगल. सूत ओढ्यावरून गेलं. वारुळावरून गेलं. एक म्हैस वाटेत उभी होती, तिला बाजूला सरकायला सांगितलं. आणि शेवटी ते सूत अध्यक्षांच्या डबक्यामागच्या गुहेत शिरलं.

गुहेत गाजरं होती. खरीखुरी. त्यांच्याशेजारी मुळे, रताळी, मधाची पोळी, कोवळ्या बांबूच्या कोंबांचे ढीग. छतापर्यंत!

फक्त पोटं बोलली. रानडुकराच्या पोटातून तर ढग गडगडल्यासारखा आवाज आला.

घोरपडबाईंनी जीभ आत घेतली, बाहेर काढली, पुन्हा आत घेतली. मग त्या म्हणाल्या, "हे पोस्टर आहे."

"बाई, वास येतोय," रानडुक्कर म्हणालं.

"उत्कृष्ट पोस्टर आहे," घोरपडबाई म्हणाल्या. "हात लावू नका. रंग ओला आहे."

बाळांनो, तुम्ही हसताय. पण त्या दिवशी तिथं कोणी हसलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि उपाशी पोटी आपापल्या घरी गेले. जाताना काही जण तर म्हणत होते, की मध इतका खरा काढणं सोपं नाही.

राहिला गोंदाजी. त्याच्या डोळ्यानं नको तिथं बघितलं होतं. त्या जंगलात गुन्हेगाराला तुरुंगात टाकत नसत. त्याला पोस्टरातून काढत. आणि कागद वाया जाऊ नये म्हणून त्याच्या जागी एक झुडूप रंगवत. पोस्टरात जे असतं तेच खरं असतं, तेव्हा त्या प्राण्यानं त्या दिवसापासून झुडूप होऊन राहायचं. अंगाला फांद्या बांधायच्या, वाटेच्या कडेला उभं राहायचं आणि बोलायचं नाही.

ठकूबाई पदर खोचून अर्थमंडळावर गेली.

"घरात तान्ही पोर हाय," ती म्हणाली. "तिच्या बापाला झुडूप करताय, लाजा न्हाईत का वाटत? उद्या पोरीनं बाप मागितला तर काय फांदी दावू?"

"झुडपाला पोर नसते," घोरपडबाई म्हणाल्या. "पोर असेल तर तिचा बाप दुसरा कोणी असेल. तशी नोंद करायची का?"

ठकूबाईनं हात जोडले आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी घागर घेऊन वाटेवर गेली आणि नवऱ्याला पाणी घातलं. झुडपाला पाणी घालायला बंदी नव्हती. पाणी घालता घालता तिनं पालापाचोळा टाकल्यासारखं करून चार पानं त्याच्या पायाशी टाकली आणि म्हणाली, "खावा. पोर बरी हाय."

झुडपाचं जगणं सोपं नसतं. ऊन लागतं. मुंग्या चढतात. एकदा एका बकरीनं त्याचा कान चावला. गोंदाजी ओरडला तेव्हा बकरीच घाबरून म्हणाली, "माफ करा, तुम्ही खरंच झुडूप आहात असं वाटलं." या गोष्टीचं त्याला वाईटही वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. पण सगळ्यात वाईट वाटायचं ते भिंगरीचं. ती चालायला लागली, उड्या मारायला लागली, आणि हा वाटेवर उभा. घरून रडण्याचा आवाज आला की त्याचे पाय शिवशिवत. पण हललेलं झुडूप उपटून टाकत असत.

हळूहळू त्याला शेजार मिळत गेला. आधी मोर आला. पोस्टरात त्याचा पिसारा सूर्यापेक्षा मोठा दिसत होता म्हणून. मग हरणं आली, त्यांच्या शिंगांची सावली अध्यक्षांच्या पायावर पडली होती म्हणून. रानडुक्कर आलं, ते फार दात काढून हसतंय आणि कशाला हसतंय ते कळत नाही म्हणून. मग खुद्द मुंगूस आला. त्यानं एकदा विचारलं होतं, "पोस्टरात इतकी झुडपं का?" त्या दिवसापासून झुडपाबद्दल कोणी विचारीनासं झालं. झुडपाकडं कोणी बघतसुद्धा नसे. नजर तिथं आली की आपोआप पुढं सरकायची.

सटवाजी साळिंदर तेवढा वाचला. चित्रकार चित्रात नसतो, मग त्याला काढायचा कुठून?

शेवटी मोठ्या उडीच्या पोस्टरात उरले एकटे अध्यक्ष. चहूबाजूंनी हिरवीगार झुडपं. घोरपडबाईंनी वाचलं, "जंगलाची विक्रमी वाढ." टाळ्या वाजवायला त्या दिवशी गर्दी थोडी कमी होती.

ही कीर्ती ऐकून अध्यक्ष स्वतः पोस्टर बघायला आले. दिसत नव्हतं म्हणून जवळ गेले. अजून जवळ गेले. नाक कागदाला लागलं. समोर सगळं हिरवं. बांबूचा कागद, त्याचा मंद वास. आणि बाळांनो, अध्यक्ष झाले तरी गेंडाच की. त्यांनी मोठ्ठा घास घेतला. मग दुसरा. झुडपं संपवली, सूर्य संपवला, आणि शेवटी स्वतःलाही चावून गिळलं. मग एक ढेकर दिला.

जंगल श्वास रोखून घोरपडबाईंकडं बघू लागलं. वाचायला पोस्टरच उरलं नव्हतं. पण हाडाच्या वाचक होत्या. त्या म्हणाल्या, "अध्यक्षांनी आपल्या चुकलेल्या लेकरांना पोटात घेतलं! सगळी झुडपं आता अध्यक्षांमध्ये सामावली. जंगलात एकही झुडूप उरलेलं नाही."

झुडूपच उरलेलं नाही म्हटल्यावर गोंदाजीनं वाटेवर कशाला उभं राहायचं? त्यानं फांद्या सोडल्या आणि धूम ठोकली. मोर, हरणं, सगळे पळाले. खरी झुडपं बिचारी होती तिथंच राहिली आणि आपलं काय, म्हणून विचार करत बसली.

गोंदाजी घरी आला. ठकूबाईनं त्याला बघितलं आणि हातातलं मडकं खाली ठेवून रडायलाच लागली. तिच्यामागं एक उंच, तरतरीत ससुली उभी होती. भिंगरी. कळायला लागल्यापासून तिनं बापाला जवळून बघितलंच नव्हतं. पण तिनं त्याच्या चावलेल्या कानाला हळूच हात लावला आणि विचारलं, "दुखतो?" गोंदाजीनं मान हलवली, नाही म्हणून. इतके दिवस उन्हात उभं राहिल्याचं सगळं तिथंच फिटलं, असं त्याला वाटलं.

सगळे जेवायला बसले. गवत बेताचंच होतं, पण असं गोड गवत त्यानं जन्मात खाल्लं नव्हतं.

"बाबा, तुम्हाला माहीत आहे का?" भिंगरी म्हणाली. ती चित्रवाचनाच्या शाळेत जात होती, त्यामुळं तिची भाषा शुद्ध होती. "नवीन पोस्टर निघणार आहे. दुसरी मोठी उडी. आणि ससा म्हणून मला निवडलंय!"

गोंदाजीच्या तोंडातला घास तसाच राहिला. त्यानं पोरीच्या तोंडाकडं बघितलं. एक डोळा इकडं. एक डोळा तिकडं. अगदी आज्यावर गेली होती.

"नगं जाऊस बाय," तो म्हणाला.

"असं कसं? सगळ्या शाळेतून माझी निवड झाली!"

गोंदाजी तसाच उठला आणि सटवाजीकडं गेला.

"सटवाजीबाबा, तुझ्या पाया पडतो. पोरीचं दोन्ही डोळं एकीकडं काढ."

"मग ते घुबड दिसेल," सटवाजी म्हणाला. "घुबडाला पोस्टरात बंदी आहे. अपशकुन."

"मग एक डोळा मिटलेला काढ."

"झोपलेला ससा? मोठ्या उडीत? तुझ्या जातीचं आधीच नाव काय आहे!"

"मग एकाच बाजूनं काढ. पलीकडचा डोळा दिसणारच न्हाई."

"लपवलेला डोळा कुठं बघतोय, हे त्या आधी विचारतील." सटवाजी थोडा वेळ काटे साफ करत राहिला. इतकं बोलायची त्याला सवय नव्हती. मग खाली मान घालून तो म्हणाला, "या जंगलात एकाच गोष्टीबद्दल कोणी काही विचारत नाही, गोंदाजी. ते तुला ठाऊक आहे. नवं पोस्टर आहे. नव्या पोस्टराला नवी झुडपं चालतात."

गोंदाजी घरी आला तो फांद्या घेऊनच. ठकूबाईनं त्या फांद्यांकडं बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"अवो, आजच आलाय की तुम्ही घरी," एवढंच ती म्हणाली. मग तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या पाठीवर गाठी बांधल्या. सैल सुटू नयेत म्हणून दोनदा बघितल्या.

सकाळी भिंगरीला वेलीनं टांगलं. गालांना लाल माती लावली. ती उगवतीकडं बघू लागली, जरा वर. आणि तिच्या पलीकडच्या गालाला लागून एक झुडूप उभं राहिलं.

"बाबा!" ती दातओठ खाऊन कुजबुजली. "हे काय चालवलंय? बाजूला व्हा. माझं तोंड झाकतंय!"

झुडूप हललं नाही.

"सगळ्यांचे बाबा समोर उभे राहून टाळ्या वाजवतायत. माझेच झुडूप होऊन मध्ये आलेत. आई, ह्यांना घरी घेऊन जा ना!"

ठकूबाई दुसरीकडं बघत उभी राहिली. तेवढ्यात घोरपडबाई देखरेखीला आल्या. भिंगरीनं त्यांच्याकडं तक्रार केली, "बाई, या झुडपामुळं माझा एक डोळा दिसतच नाहीये."

घोरपडबाईंची नजर झुडपावर आली आणि सवयीनं पुढं सरकली. "कुठलं झुडूप?" त्या म्हणाल्या. "सटवाजी, चालू द्या."

पौर्णिमेला पोस्टर लागलं. घोरपडबाईंनी वाचलं, "नव्या पिढीची कन्या. एकच दिशा, एकच दृष्टी, एकच डोळा." असा कडकडाट टाळ्यांचा त्या जंगलात पूर्वी झाला नव्हता. अध्यक्षांनी भिंगरीला सूर्यफूल दिलं. तिच्याकडं कोणी सूत घेऊन आलं नाही. कोणी शंका काढली नाही. ती आता जंगलभर ताठ मानेनं उड्या मारते आणि जाईल तिथं लोक तिला ओळखतात.

गोंदाजी मात्र वाटेच्या कडेला, जुन्या जागी. पोस्टर आहे तोवर त्याला तिथंच राहायचं आहे, आणि ते पोस्टर आता अध्यक्षांच्या तोंडाला लागणार नाही इतक्या उंचावर टांगलंय.

एकदा भिंगरी मैत्रिणींना घेऊन पोस्टर दाखवायला आली. बराच वेळ ती स्वतःच्या चित्राकडं बघत राहिली. मग म्हणाली, "सगळं कसं छान आलंय ना? फक्त ते झुडूप मध्ये नको होतं."

वाटेवरच्या गोंदाजीनं ते ऐकलं. पोरीचा आवाज खणखणीत होता. चांगलं खाऊन-पिऊन असल्यासारखा. त्याला इतका आनंद झाला, की तो हसू दाबून उभा राहिला. ठकूबाई घागर घेऊन आलीच होती. तिनं त्याला पाणी घातलं, आणि त्या दिवशी उठून घरी न जाता तिथंच त्याच्या सावलीला बसून राहिली.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी एकाच डोळ्यानं बघावं. दुसरा उघडा राहिलाच, तर तो झाकायला आपल्या आईबापांपैकी एकाला लावावं. ते फुकट काम करतात, तक्रार करत नाहीत, आणि पाणी घालायला दुसरं असतंच. मोठे झालात की त्यांना तिथून उपटून टाकायला विसरू नका. चित्र साफ दिसतं.